आठ दिवस बाली, सोबत सासूबाईंचे गुडघे: कुठे राहावं, काय गाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरहून तुम्ही पाच जण: तुम्ही, मिस्टर, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. भाऊबीज आटोपली की १२ नोव्हेंबर २०२६ च्या रात्री मुंबईहून विमान, १३ ला बाली, २० ला परत. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, घर पूर्ण शाकाहारी. ट्रॅव्हलवाल्यांनी कुटा तीन रात्री, उबुद दोन, नुसा पेनिडा एक, सेमिन्याक एक असं पॅकेज दिलंय आणि त्यात अठरा ठिकाणं बसवली आहेत. तुमचं म्हणणं, ‘आम्हाला नुसते समुद्रकिनारे नकोत, तिथली संस्कृती बघायची आहे. हे पॅकेज घ्यावं का?’

मी नाशिकमधूनच कुटुंबांच्या सहली आखते, आणि हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत माझ्यासमोर येतो. त्यामुळे आधी एक सांगते: हे पॅकेज वाईट नाही, ते दुसऱ्या कुणासाठी तरी बनवलेलं आहे. लग्नानंतर फिरायला निघालेल्या पंचविशीतल्या जोडप्याला ते छान जमेल. तुमच्या घरासाठी त्यात दोन अडचणी आहेत. सासूबाईंचे गुडघे ही त्यातली सोपी.

दुसरी अडचण म्हणजे तुम्ही जे मागताय ते ठिकाणांच्या यादीत मावतच नाही. बाहेरगावचा कुणी पाहुणा एका दिवसात रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, त्र्यंबक आणि शेवटी एखादी वायनरी उरकून गेला, तर त्याने नाशिक पाहिलं असं तो म्हणेल. पण तोच माणूस रंगपंचमीला जुन्या नाशकात आला आणि रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या घेणारी पोरं पाहिली, तर त्याच्या हाती वेगळंच काहीतरी लागेल. रहाड वर्षभर बुजवलेलीच असते, तारीख चुकली की फक्त रस्ता दिसतो. बालीत हेच फार मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून मी बालीची सहल आखताना आधी तिथलं पंचांग उघडते, मग राहायची जागा ठरवते, आणि ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी हातात घेते. तुमच्या पॅकेजमध्ये हा क्रम नेमका उलटा झालाय.

पंचांगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या तारखा योगायोगाने फार चांगल्या आहेत आणि पॅकेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

बालीत दोन कालगणना एकाच वेळी चालतात. एक शक, म्हणजे आपलाच. तिथलं नवं वर्ष न्येपी, आणि वर्षाचा आकडाही आपलाच: १९ मार्च २०२६ ला आपल्याकडे गुढीपाडव्याला शके १९४८ लागलं, त्याच दिवशी बालीतही न्येपी होतं आणि तिथेही १९४८ च लागलं. दर वर्षी तारीख जुळतेच असं नाही, पण आकडा जुळतो. न्येपीला सगळं बेट चोवीस तास गप्प असतं. विमानतळ बंद, रस्त्यावर कुणी नाही, पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच थांबायचं. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख बघायलाच हवी. तुम्हाला तो प्रश्न नाही.

दुसरी कालगणना पावुकोन, २१० दिवसांची. सात-सात दिवसांचे तीस आठवडे, प्रत्येक आठवड्याला नाव. बहुतेक सण आणि बहुतेक देवळांचे वर्धापनदिन याच गणितावर चालतात, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरवर ते दर वेळी सरकतात. सगळ्यात मोठा सण गलुंगन, आणि त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगन. गलुंगनला घराघरासमोर पेंजोर उभारतात: उंच, टोकाला वाकलेला बांबू, त्याला नारळाच्या पानांची कलाकुसर, धान्य, फळं. २०२६ मध्ये गलुंगन १७ जूनला आणि पुढचा १३ जानेवारी २०२७ ला. म्हणजे तो तुमच्या तारखांत नाही.

पण तुम्ही उतरता शुक्रवारी १३ ला, आणि शनिवारी १४ नोव्हेंबरला तुंपेक लांडेप आहे. हा मुळात धातूच्या शस्त्रांच्या पूजेचा दिवस, क्रिस नावाच्या त्यांच्या खंजिरांचा. आता त्यात गाड्या, स्कूटर, यंत्रं, सगळं आलं. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, तसंच. त्या दिवशी स्कूटरच्या हँडलला आणि गाडीच्या बंपरला नारळाच्या पानांची सजावट लटकलेली दिसेल, गॅरेजवाले आपल्या पान्यांपुढे फुलं ठेवून बसलेले दिसतील. कुठल्याही पॅकेजात हे नसतं, कारण त्याला तिकीट नाही आणि ते एका ठिकाणी नाही. तुमच्या पॅकेजप्रमाणे त्या शनिवारी तुम्ही कुट्यात वॉटर स्पोर्ट्स करत असाल.

तेव्हा पहिला बदल: उबुद आधी घ्या. विमानतळावरून थेट उबुदच्या बाहेरच्या एखाद्या गावात मुक्कामाला जा. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण रहदारीमुळे दीड तास धरा, संध्याकाळी जास्तही. शनिवारी कुठेही लांब जाऊ नका. सकाळी गावातल्या रस्त्याने चाला, जिथे उतरला आहात त्या घरच्यांना विचारा की पूजा कधी आहे, बघायला आलो तर चालेल का. आणि हो, ड्रायव्हर त्या दिवशी उशिरा आला तर रागावू नका, त्याच्याही गाडीची पूजा असणार.

आता राहायची जागा. इथे मी ठाम आहे: सात रात्रींत दोनच मुक्काम. चार मुक्काम म्हणजे प्रत्येक बदलाला अर्धा दिवस बॅगा भरणं, चेक-आउट, रहदारी आणि खोली मिळेपर्यंत लॉबीत बसणं. सोबत ज्येष्ठ असतील तर तो अर्ध्याचा पाऊण दिवस होतो. चार रात्री उबुदजवळ आणि तीन रात्री सानूर, असं मी सुचवेन. उबुद म्हणजे ऐन मध्यवस्ती नको, तिथे फुटपाथ उंचसखल आणि गर्दी फार. दहा-पंधरा मिनिटांवरच्या गावात घरगुती निवास घ्या. बालीचं पारंपरिक घर म्हणजे एक भिंतीने वेढलेलं आवार: आत वेगवेगळे चौथरे आणि खोल्या, एका कोपऱ्यात घरचं देऊळ. अशा आवारात राहिलात की सकाळी घरातली बाई नारळाच्या पानांच्या छोट्या परड्या घेऊन फिरताना दिसते. त्या परडीला चनांग सारी म्हणतात. उंबऱ्यावर, देवळीत, रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या गल्ल्यावर ती ठेवली जाते. फुलांचे रंगही दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं. लेकीला करायला शिकवा म्हटलं तर बहुतेक घरांत आनंदाने शिकवतात. रस्त्यावर ती ओलांडताना पाय लागणार नाही एवढं बघायचं.

बुकिंग करताना मात्र दोन गोष्टी लेखी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत. उबुदचा सगळा भाग दऱ्याखोऱ्यांचा आहे. फोटोत सुंदर दिसणारी कित्येक रिसॉर्ट्स ओढ्याच्या उतारावर बांधलेली असतात आणि न्याहारीला जायला साठ पायऱ्या चढाव्या लागतात. हे वेबसाइटवर लिहिलेलं नसतं.

दुसरा मुक्काम कुटा-सेमिन्याक का नको? पहिलं कारण मोसम. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे पावसाळा सुरू होत असतो. आपल्या जुलैसारखी झड नव्हे. सकाळ बहुधा उघडी, दुपारनंतर एखादी जोरदार सर, दमट हवा. पण पश्चिमेचे वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे नेमकं कुटा-सेमिन्याकला, समुद्रातून प्लॅस्टिकचा कचरा वाहून येतो. डिसेंबर ते मार्च तो सगळ्यात जास्त. शिवाय तिथल्या लाटा सर्फिंगवाल्यांच्या आहेत, नऊ वर्षांच्या मुलीच्या नाहीत. सानूर पूर्वेला आहे, समोर प्रवाळाची भिंत असल्यामुळे पाणी शांत, आणि किनाऱ्याला लागून कित्येक किलोमीटर सपाट फरसबंद रस्ता आहे. सासूबाई सकाळी तिथे आरामात चालतील. सूर्यास्त दिसणार नाही, सूर्योदय दिसेल. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने पहिले दोन-तीन दिवस लवकर उठणं जरा जड जाईल, पण सानूरला पोहोचेपर्यंत सवय झालेली असेल.

आता अठरा ठिकाणांच्या यादीकडे येते. आधी काय गाळावं ते.

नुसा पेनिडा पूर्ण गाळा. सानूरहून स्पीडबोट पाऊण तासाच्या आतच पोहोचवते, पण बेटावरचे रस्ते खडबडीत आहेत आणि ज्या जागांचे फोटो तुम्ही पाहिलेत तिथे खाली उतरायला कड्यातल्या पायऱ्या आहेत. वरून बघून परत यायचं तर त्यासाठी बोटीतले धक्के कशाला? लेंपुयांग देवळाचं ते ‘स्वर्गद्वार’ही गाळा. उबुदहून जायला दोन-सव्वादोन तास, तेवढेच परत, आणि फोटोसाठी रांग तासन्‌तास लागू शकते. फोटोत दिसणारं पाणी तिथे नाहीच. फोनच्या भिंगाखाली आरसा धरून तो परिणाम आणतात. मूळ देवस्थान डोंगरावर सतराशेच्या आसपास पायऱ्या चढून आहे, तिथे भाविक जातात, पर्यटक दारातूनच परततात. लुवाक कॉफीचा, म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांच्या कॉफीचा, थांबा असेल तर तोही काढायला सांगा. पिंजऱ्यातली उदमांजरं आणि महागडी कॉफी, एवढंच असतं. फोटोसाठी दरीवर बांधलेल्या उंच झोपाळ्याचा हट्ट लेकीचा असेल तर होऊ द्या, तासाभराचं काम आहे.

ठेवायच्या गोष्टींत सगळ्यात वर मी जातिलुविहची भातशेती ठेवेन, आणि ती का हे जरा सांगावंसं वाटतं. तेगल्लालांगची भातशेती उबुदजवळ आहे म्हणून सगळ्यांना तिथेच नेतात. तिथे चढउतार फार आणि दर दहा पावलांवर फोटोचं ठिकाण. जातिलुविह उबुदहून दीड-दोन तासांवर आहे, पण विस्तीर्ण आहे आणि शेतांमधून बऱ्यापैकी सपाट वाट जाते. चालायचं नसेल तर रस्त्याकडेच्या खानावळीत बसूनही दरी दिसते. नोव्हेंबरमध्ये सगळीकडे हिरवंगार असेलच असं नाही, काही वाफे कापलेले, काही पाण्याने भरलेले असतील. तरीही जा.

कारण तिथे बघायचंय ते पाणी. या शेतीचं पाणी सुबक नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था वाटतात. ही पद्धत नवव्या शतकापासूनची मानली जाते आणि २०१२ मध्ये युनेस्कोने सुबकांचा हा प्रदेश जागतिक वारशात घेतला. आपल्या जिल्ह्यात बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत आहे, धुळ्याकडे पांझरेवर आहे: बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचं शिवार फडांत विभागलेलं, एका फडात शक्यतो एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि पाणी कमी पडलं तर कुठला फड पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सासरे सटाण्याकडचे असतील किंवा शेतीशी संबंध असेल तर त्यांना जातिलुविहला वेगळं काही समजवावं लागणार नाही. फरक एवढाच की बालीत या पाण्याच्या वेळापत्रकाला देवळांची साखळी जोडलेली आहे. शेताच्या कडेला छोटं देऊळ, ओढ्याच्या बंधाऱ्याला त्याहून मोठं, आणि सगळ्यात वर बातूरच्या सरोवराचं. लावणी कधी, पाणी कधी, शेत कोरडं कधी ठेवायचं, हे त्या देवळांतल्या बैठकांतून ठरतं.

१९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या जोरात शेतकऱ्यांना सांगण्यात आलं की जमेल तेवढ्या वेळा पीक घ्या. जो तो आपापल्या वेळेला लावू लागला, एकाचं शेत कापलं की किडीला शेजारचं तयार मिळू लागलं, आणि कीड आवरेना. पुढे स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यासातून दाखवलं की देवळांच्या वेळापत्रकामुळे मोठा पट्टा एकदम कोरडा राहायचा आणि त्यामुळेच किडीची उपासमार व्हायची. पूजा आणि पाटबंधारे हे तिथे दोन वेगळे विषय नाहीत. हे डोक्यात असलं की रस्त्यात दिसणारं शेताकाठचं प्रत्येक छोटं देऊळ बोलायला लागतं. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर ब्रातान सरोवराकाठचं उलुन दानू हे देऊळ घ्या. जागा सपाट, हवा थंड, सासूबाईंना त्रास नाही. हे दोन्ही सोमवारी, १६ ला ठेवा, रविवारी तिथे स्थानिक लोकांची गर्दी असते.

देवळांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर थोडी निराशा होते. बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत म्हटल्यावर आपले ज्येष्ठ गाभारा, मूर्ती, दर्शन अशी अपेक्षा धरून जातात. तिथलं देऊळ म्हणजे एकामागून एक उघडी प्रांगणं, आणि बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी गाभाऱ्यातली मूर्ती दिसत नाही. सगळ्यात मानाचं आसन पद्मासन म्हणतात, ते दगडी आणि रिकामं असतं. देव उत्सवाला उतरून येतो अशी समजूत. पूजा चालू असताना सगळ्यात आतल्या प्रांगणात पर्यटकांना सोडत नाहीत. मात्र त्यांची त्रिसंध्या गायत्री मंत्राने सुरू होते, आणि सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा या वेळेला कुठल्यातरी कर्ण्यावरून ती कानावर पडली की सासूबाई चमकून बघतील.

नियमही ओळखीचे वाटतील. सगळ्यांनी कमरेला सारोंग हे लुंगीसारखं वस्त्र आणि वर सेलेंदांग हा पट्टा बांधायचा, देवळाबाहेर मिळतो. पाळी चालू असताना बाईने आत जायचं नाही अशी पाटी बहुतेक देवळांवर असते, आणि घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्या घरच्यांनीही जायचं नाही. हे पटो वा न पटो, पाहुणे म्हणून पाळावं असं माझं मत. तारखा अडचणीच्या येत असतील तर देवळांचे आणि समुद्राचे दिवस आधीच अदलाबदल करून ठेवा.

तिर्त एंपुल, म्हणजे तांपाकसिरिंगचं झऱ्याचं देवस्थान, दहाव्या शतकातलं. तिथे कारंज्यांखाली स्नान करतात, त्याला मेलुकात म्हणतात. रामकुंडावर वाढलेल्या माणसाला तिथे काय करायचं हे कुणी शिकवायला नको. फक्त सकाळी उघडताच जा, पाण्यात उतरायला वेगळं सारोंग घ्यावं लागतं, आणि काही धारा मृतांच्या विधीसाठी राखीव आहेत, त्या सोडून पुढे सरकायचं. सासूबाईंना पायाखालच्या ओल्या दगडांमुळे उतरणं जमलं नाही तर काठावर बसून हात-तोंड धुवायला चांगली जागा आहे.

उबुद सोडून सानूरला जाल त्या दिवशी थेट जाऊ नका, वाट वाकडी करून क्लुंगकुंग घ्या. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या आवारात कर्ता गोसा नावाचा न्यायमंडप आहे. छताच्या आतल्या बाजूला सगळीकडे चित्रं: भीम वडील पंडू आणि सावत्र आई माद्री यांना सोडवायला नरकात जातो ती कथा, आणि कुठल्या पापाला कुठली शिक्षा याची तपशीलवार यादी. आरोपी खाली बसायचा आणि वर बघायचा, एवढी सोय. नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळ्या बेटावर सगळ्यात जास्त आवडेल अशी माझी अटकळ आहे. याच राजघराण्याने १९०८ मध्ये डच फौजेपुढे शरण न जाता मरण पत्करलं, समोर त्याचं स्मारक आहे. गर्दी नाही, मंडपाच्या चार पायऱ्या सोडल्या तर चढणं नाही.

नाचाबद्दल लोक मला विचारतात, ‘ते पर्यटकांसाठीचं असतं ना, खरं कुठे बघायला मिळेल?’ याचं उत्तर बालीच्या लोकांनी स्वतःच १९७१ मध्ये एका परिसंवादात दिलं होतं. त्यांनी नृत्यांचे तीन वर्ग केले: देवळाच्या आतले विधीचे, उत्सवाच्या वेळी सादर होणारे, आणि करमणुकीचे. तिकीट लावून दाखवायचे ते शेवटच्या वर्गातले. नाचणारी माणसं पुष्कळदा तीच, गावातलीच. केचाकचंच बघा: शंभरेक पुरुष गोलात बसून ‘चाक-चाक’ असा आवाज काढतात आणि मध्ये रामायण घडतं. तो आवाज जुन्या विधीतला, पण रामायण घालून त्याचा खेळ बसवला गेला १९३०च्या दशकात, वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार तिथे असताना, स्थानिक नर्तकांबरोबर. म्हणजे ते जन्मापासूनच प्रेक्षकांसाठी आहे. म्हणून ते खोटं ठरत नाही. सुरुवात बहुधा सुवर्णमृगापासून सीताहरणापर्यंतची, म्हणजे आपल्या पंचवटीतलीच. पॅकेजमध्ये उलुवातूचं, म्हणजे समुद्रकड्यावरच्या देवळाजवळचं केचाक आहे. जागा देखणी आहे, पण पायऱ्या आहेत, रेटारेटी आहे आणि तिथली माकडं चष्मे पळवण्यात पटाईत आहेत. सासूबाईंना उबुदमध्येच सपाट अंगणातलं केचाक दाखवा, दुसऱ्या संध्याकाळी राजवाड्यातला लेगोंग हा नाच. तुम्ही दोघांनी आणि लेकीने सानूरहून एका संध्याकाळी उलुवातू गाठलं तर हरकत नाही, आजी-आजोबांना त्या दिवशी विश्रांती.

याशिवाय रोज सकाळी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायचा: आज कुठे ओदालान आहे का? ओदालान म्हणजे देवळाचा वर्धापनदिन, दर २१० दिवसांनी. प्रत्येक गावात निदान तीन देवळं, त्यामुळे कुठे ना कुठे तो चालूच असतो. डोक्यावर फळांचे मनोरे घेऊन निघालेल्या बायका, गामेलान वाद्यं, रात्री उशिरापर्यंत नाच. सारोंग-सेलेंदांग बांधून बाहेरच्या प्रांगणात कडेला उभं राहायचं, पूजा सांगणाऱ्यांच्या समोरून जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. हे जमायला दुपारनंतरचा वेळ मोकळा हवा, म्हणूनच मी दिवसाला एकच लांबचं ठिकाण ठेवते आणि तेही सकाळी. पावसाच्या हिशेबानेही तेच बरं.

जेवणाचं जरा नीट सांगते, कारण इथे ‘शाकाहारी मिळतं’ एवढं म्हणून ट्रॅव्हलवाले मोकळे होतात. मिळतं, उबुदला तर भरपूर. पण अडचण दिसणाऱ्या मांसाची नाही, तेरासीची आहे. तेरासी म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा. तो सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या चटणीत, आणि पुष्कळ भाज्यांच्या वाटणातही असतो. वर ठेवलेला कुरकुरीत पापड, कृपुक, तोही अनेकदा कोळंबीचा. त्यामुळे भाजीभात मागवला तरी सांगावं लागतं: ‘तांपा दागिंग, तांपा इकान, तांपा तेरासी’. मांस नको, मासे नको, तेरासी नको. अंडं नको असेल तर ‘तांपा तेलुर’. हे कागदावर लिहून दाखवलंत तर उत्तम. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू बिनधास्त खा. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी, ती सासऱ्यांना नक्की आवडेल, फक्त त्यातही तेरासी आणि अंडं विचारून घ्या. ज्येष्ठांसाठी चार दिवस पुरेल एवढं मेतकूट, चिवडा, खाकरे, दशम्यांचं पीठ सोबत असू द्या. ताजी फळं, दूध-दही मात्र नेऊ नका, कस्टम्समध्ये अडकतं.

खर्चाचे मोठे आकडे हॉटेल आणि तिकिटावर अवलंबून, त्यावर इथून काही सांगणं योग्य नाही. नक्की असलेल्या गोष्टी अशा: व्हिसा ऑन अरायव्हल माणशी पाच लाख रुपिया, आधी ऑनलाइनही काढता येतो आणि ज्येष्ठांसोबत तोच बरा, रांग वाचते. बालीचा पर्यटक कर माणशी दीड लाख रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून, लहान मुलांनाही. लाख ऐकून दचकू नका. एक लाख रुपिया म्हणजे आपले साडेपाचशे रुपयांच्या आसपास. पॅकेजमध्ये हे दोन्ही धरले आहेत का ते विचारा, बहुधा धरलेले नसतात. पाच जणांना सहा-सात आसनी गाडी ड्रायव्हरसकट दिवसभरासाठी घ्या. मिस्टरांना स्कूटर चालवायची हौस असेल तर आरटीओतून दुचाकीसाठीही वैध असलेला आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याशिवाय नको. त्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

विम्याबद्दल एकच गोष्ट पारखून घ्या: ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर हॉटेलचा आणि नव्या तिकिटाचा खर्च मिळतो का. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची कित्येक विमानं रद्द झाली होती. हे काही घाबरवायला सांगत नाही, पण परतीच्या दुसऱ्याच दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. आणि २० ला मुंबईत उतरून लगेच कसारा घाट चढायचा की रात्र तिथेच काढायची, हे सासूबाईंना विचारून ठरवा, मिस्टरांना नको.

एकूण ट्रॅव्हलवाल्यांना सांगायचं ते असं: १३ ते १७ उबुदजवळ, तळमजल्याची खोली, १७ ला क्लुंगकुंगमार्गे सानूर, १७ ते २० सानूर, कुटा, सेमिन्याक, नुसा पेनिडा, लेंपुयांग रद्द, रोज गाडी, पण दिवसाला एकच लांबचं ठिकाण. ते म्हणतील की ठिकाणं कमी केली तरी पैसे कमी होणार नाहीत. खरं असेल तर पॅकेज सोडा आणि विमान, दोन हॉटेलं, एक गाडीवाला असं सुटं घ्या. सासू-सासऱ्यांची तब्येत नाजूक असेल, तिथे अडीअडचणीला कुणीतरी हाताशी हवं वाटत असेल, तर मात्र पॅकेजचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ते तुम्हीच ओळखू शकता.

आणि हे सगळं करण्याआधी लेकीचा पासपोर्ट कपाटातून काढून बघा. बाली गाठता त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने तो वैध लागतो, म्हणजे मुदत १३ मे २०२७ च्या पुढची हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि ती चार-पाच वर्षांची असताना काढलेला असेल तर तो नेमका याच सुमारास संपत असणार. नूतनीकरणाची अपॉइंटमेंट दिवाळीच्या तोंडावर शोधत बसू नका, याच महिन्यात घ्या.